ताप नाय, कणकण

बाबा,

तुमच्या धाकट्याने आज मला डॉक्टरांसमोर तोंडघशी पाडलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण त्याची तक्रार करायला दुसरं मोठं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुमचा आजार त्याने वारशाने घेतला. पोटातली मुख्य रक्तवाहिनी तशीच फुग्यासारखी फुगली, आणि गेल्या वर्षी तुमच्यासारखीच जांघेतून नळी घालून आत कापडी अस्तराची जाळी बसवली. पंधरा दिवसांत साहेब कळंबोलीच्या लोखंडाच्या दुकानात हजर. "पोट फाडलंच नाय, तं आराम कशाला?" म्हणाला. तुमचंच वाक्य. तुम्ही तर आठव्या दिवशी मिठागराच्या बांधावर उभे होतात, आणि मी रिक्षाने येऊन भर उन्हात तुम्हाला झापत होते. "बाय, तू शालेतल्या पोरांना वरड," एवढं बोलून तुम्ही पाठ फिरवलीत.

आजचं ऐका. त्याचं वजन उतरलंय, पाठ दुखते, कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत, म्हणून मी त्याला ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टर विचारतात, "ताप येतो का?" तर म्हणे, "नाय." मी रागाने विचारलं, "आणि कणकण?" "ती येते की रोज संध्याकाळी. महिना झाला. पण तो ताप नाय ना!" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच त्याला शिकवून आणलं होतं. ताप म्हटला की सुई आली, खाडा आला. कणकण म्हटलं की आल्याचा चहा पिऊन माणूस कामाला मोकळा. खाडा चुकवण्यासाठीच आपल्या लोकांनी हा शब्द जपलाय की काय, कोण जाणे.

मग डॉक्टरांनी तेच सांगितलं, जे तुमच्या वेळी ऐकलं होतं. जाळी शरीराची नाही. जंतू तिच्यावर एकदा बसले की चिकटून राहतात आणि औषध तिथे नीट पोचत नाही. लवकर सापडलं तर औषधांवर निभावेल कदाचित. नाहीतर जाळी काढायची, आणि त्या ऑपरेशनमधून माणूस उठेलच असं कुणी सांगत नाही. तुम्ही उठला नाहीत.

त्याला दाखल केलं, सलाइन लावलं. पडल्या पडल्या हसून म्हणाला, "ताई, मी बाबांवर गेलोय. त्यांनी पण तुला कुठे कळू दिलं होतं?" मी सलाइनची नळी सरळ करत बसले. ती सरळच होती.

बाबा, तुम्ही मला सांगितलं होतंत, कणकण येते म्हणून. तीन आठवडे, रोज. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घरात पडले होते, मुंबईला पुन्हा खेटे घालायची माझी तयारी नव्हती, आणि तो शब्द मलाही सोयीचा होता. तपासणीला "ताप?" असं विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि "नाही" मी म्हणाले, वर्गातल्या ठणठणीत आवाजात. पुढे लोक भेटायला यायचे, तेव्हा "फार हट्टी होते, बोललेच नाहीत" हे वाक्य तोंडात बसलं. धाकटा शेजारीच असायचा. न बोलणं हा तुमचा स्वभाव, असं त्याने माझ्याकडूनच ऐकलं, आणि त्यात त्याला तुमची मर्दुमकी दिसली. महिनाभर तो तीच दाखवत होता.

उद्या रिपोर्ट येतील. डबा घेऊन जाईन तेव्हा त्याला खरं सांगायचं ठरवलंय. पण मी मला ओळखते. दारातूनच विचारेन, औषध घेतलंस का, आणि तो हो म्हणाला तरी ओरडेन.