झाकलेला पत्ता

३ जून, सोमवार
आमचा प्रोग्रामर नेस्टर नोकरी सोडून सिंगापूरला गेला. बॉसबाई म्हणाल्या, "आता वेबसाइटचं तूच बघ गं. फ्रेमवर्क तयारच असतं, तू फक्त छान दिसेल असं कर."
मला रंग कळतात, अक्षरं कळतात. कोडमधलं ओ की ठो कळत नाही. तरी मान डोलावली, कारण काम आश्रयगृहाचं आहे. मानांग लुडी, माझी थोरली बहीण, नवऱ्याने, रोडेलने, हात मोडल्यापासून तिथे लपली आहे. दुमागेते शहरात नेमकी कुठे, हे त्याला माहीत नाही.

५ जून
नेटवरून कोड उचलायचा, चिकटवायचा, क्रुसाची खूण करायची. चाललं! का चाललं ते मारियामातेलाच ठाऊक.

११ जून
आश्रयगृह चालवणाऱ्या सिस्टर कॉन्सोर्सिया पान बघून हादरल्याच. "अगं, तांदूळ पोचवणाऱ्यांसाठी दिलेला पत्ता सगळ्यांना दिसतोय. आम्ही आधी माणूस पारखतो, मग पत्ता देतो."
डिझाइन करताना नको तो थर मी कधी पुसत नाही, झाकून ठेवते — लागला तर हाताशी असतो. इथेही तेच केलं. पासवर्ड टाकला की पत्ता उघडतो. सिस्टर खूश. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

१४ जून
साइट सुरू.

२० जून, गुरुवार
नवी प्रोग्रामर आली, जोविलिन. दुपारी तिने आश्रयगृहाचं नाव फोनवर शोधलं आणि फोन माझ्यापुढे धरला. नावाखालीच पत्ता! गल्ली, फाटकाचा रंग, सगळं.
"तू नुसता झाकलास," ती म्हणाली. "पानात तो आहेच की. गूगल झाकलेलंही वाचतं."
तिनेच तो पानातून पुसला. पण गूगलवरून जायला आणखी दिवस लागतील म्हणे. सहा दिवस उघडा होता. सिस्टर फोन उचलत नाहीत. मला हे काम येत नाही, एवढं एक वाक्य तीन तारखेला बोलायला हवं होतं. गप्प बसले, गाढव.

२१ जून
शेवटी सिस्टरचा फोन आला. रोडेल काल सकाळी फाटकाशी आला. सिस्टरनी हाकललं. संध्याकाळी पुन्हा आला, दारू पिऊन. मानांग म्हणाली, "आत बायका-पोरं आहेत. हा आता रोज येणार." पिशवी घेतली आणि स्वतःच त्याच्या मोटरसायकलवर बसली.
माझ्यासाठी निरोप ठेवलाय — धाकटीला सांगा, पत्ता माझ्याच तोंडून कुठेतरी गेला असेल.