सात वर्षांनी मोस्कविच

काराताल,
३ जून १९९८

ती. बुबुसाराताईस,
धाकट्या सागिनचा सलाम. वि. वि.

अल्लाच्या कृपेने घरी सगळे बरे आहेत. आईचा खुबा मात्र तिला घोड्यावर बसू देत नाही. बाबा गेल्यापासून सात उन्हाळे तिने वरचे कुरण पाहिलेले नाही. परवा चहा ओतताना म्हणाली, की एकदा तळ्याकाठी बसून घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा ताजा कुमिस प्यायले, की मग माझे काहीही होवो. म्हणून मी बाबांची मोस्कविच गाडी चालू करायला घेतली आहे.

हे कळताच एसेनकुलकाका काठी आपटत आले. म्हणाले, मेलेल्या माणसाच्या घोड्यावर कोणी बसत नाही, मरणाला वर्ष झाले, की गावाला घालायच्या वर्षाच्या जेवणाला तो कापायचा असतो. तुझ्या बापाची, मामिरदादाची, गाडी हाच त्याचा घोडा. त्या वर्षी सामूहिक शेत मोडले, जेवण राहून गेले, ते आता घालू. शुक्रवारी, एकोणीस तारखेला, त्यांनी भंगाराचा ट्रक बोलावला आहे. म्हातारीने घरात बसून तसबीचे मणी ओढावे, असेही सांगून गेले. मी म्हणालो, घोडा कापला तर गाव जेवते, हे लोखंड कोण चावणार? त्यावर मला शाळेने बिघडवले असे ठरले.

बाबांनी शेवटच्या आजारपणात गाडी चार ओंडक्यांवर चढवून ठेवली होती आणि गंज लागू नये म्हणून खालून मेंढीच्या शेपटीची चरबी फासली होती. गंज खरेच लागला नाही. पण चरबीच्या वासाने उंदरांच्या सात पिढ्या तिथे जेवल्या, आणि तोंडी लावायला त्यांनी सगळ्या वायरी खाल्ल्या. इंजिन जाम आहे. प्लगच्या भोकांतून डिझेल सोडून ठेवले आहे. रोज पहाटेच्या नमाजनंतर हँडलला जोर लावून बघतो. तुझ्याकडच्या बाजारात वायरी आणि ब्रेकची रबरे मिळाली तर पाठव.

लोभ असू दे. रागावलीस तरी चालेल, पण पत्र लिही.
तुझा सागिन

तोकमोक,
९ जून १९९८

चि. सागिन यास,
बुबुसाराचे अनेक आशीर्वाद.

ज्याला चहाच्या किटलीची मूठ बसवता आली नाही, तो इंजिन उघडतोय! तुझे मेहुणे हसून हसून खोकले. तरी सामान त्यांनीच शोधले. बसच्या ड्रायव्हरकडे दिले आहे, मोजून घे. टाकीतले जुने पेट्रोल आधी ओतून टाक, असेही त्यांनी बजावले आहे.

आता एक ऐक. गाडी बाबांची, असे तुला कोणी सांगितले? एकोणसत्तर साली तू फौजेत होतास, म्हणून तुला ठाऊक नाही. शंभर मेंढ्यांमागे एकशे बेचाळीस कोकरे जगवली ती आईने. सामूहिक शेताच्या सभेत मी पुढच्या रांगेत होते. बक्षिसाच्या गाडीसाठी आईचे, उलझानचे, नाव पुकारले आणि अध्यक्षांनी किल्ली दिली बाबांच्या हातात, कारण चालवायला त्यांना येत होते. आई तेव्हा नुसती हसली. पेटीत तळाशी बक्षिसाचा कागद असेल, तो बघ. काकांना एवढ्यात सांगू नकोस, ते कागद आधी पेटवतील.

आईला माझा सलाम सांग. माझी आठवण काढत जा, बोरसोक तळशील तेव्हा तरी.
तुझी ताई

वरचे कुरण,
२१ जून १९९८

ती. ताईस,
सागिनचा सलाम. वि. वि.

कागद सापडला. मी आईला विचारले, सात वर्षे बोलली का नाहीस. म्हणाली, घोडा कोणाचा असे कोणी विचारलेच नाही.

नवव्या दिवशी इंजिन फिरले होते. गुरुवारी सकाळी बिस्मिल्ला म्हणून हँडल मारले आणि गाडीने असा काळा धूर सोडला, की शेजारणीने वाळत घातलेली चादर आत नेली. आईला पुढे बसवले. फाटकात काका आडवे उभे. पाठीमागे निम्मे गाव. काका ओरडले, मेलेल्याच्या घोड्यावर बसवून वहिनीला कुठे नेतोस? तेवढ्यात इंजिनही बंद पडले. ताई, मला वाटले, संपले सगळे.

आईने काच खाली केली. आवाज चढवला नाही. म्हणाली, एसेनकुल, या घरात आले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, तुझे नाक मी पुसत होते. तेव्हा माझे नीट ऐक. हा घोडा मामिरचा नाही, माझा आहे. मी मेले की वर्षाने काप. आज कापायचा असेल तर आधी मला काप. मग कागद काचेबाहेर धरला. काकांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही. शेजारणीने मोठ्याने वाचला, तारखेसकट.

आई पुढे म्हणाली, आता उभाच आहेस तर हँडल मार, सागिनचे हात भरून आलेत.

काकांनी काठी फाटकाला टेकवली आणि हँडल हातात घेतले. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन लागले. घाटात दोनदा पाणी उकळले, दोनदा थांबलो.

बाबांच्या वर्षाचे जेवण इथेच घालू, माझ्या दोन मेंढ्यांचे. काकांना पहिले बोलावणे गेले आहे. भंगाराचा ट्रक रिकामा परतला, असे काल वर आलेल्या स्वाराने सांगितले. काकांनी त्याच्याकरवीच विचारले आहे, की गाडी खाली कधी आणणार? आई तळ्याकाठी कुमिसचा वाडगा घेऊन बसली आहे. तिने निरोप दिला, की मालकिणीने अजून ठरवलेले नाही.

तू ये. लोभ आहेच, या वेळी तो घेऊन वर ये.
तुझा सागिन