तपकिरी कोटाची कबुली

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला खरोखरच आडवा पडलोय असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? त्याच्यापायी तू परवाच्या खेळाला आली नाहीस, म्हणून मी त्या गुडघ्याचा जन्माचा ऋणी आहे.

तू ज्या सिनेमाचे कपडे शिवलेस, त्याची रंग उडालेली रिळं दुरुस्तीला माझ्याच टेबलावर आली, हे तुला ठाऊक आहेच. नायिकेचा कोट आधी लाल, तर जिन्यावरच्या प्रसंगापासून तपकिरी दिसत होता. मी म्हटलं, विटला असणार. सगळीकडे एकच रंग हवा, नाहीतर लोक नावं ठेवतील! तीन महिने खपून मी तो अथपासून इतिपर्यंत लाल केला. तोही आवाज बंद ठेवून. (संवादांनी माझं लक्ष उडतं.)

परवा भरल्या सभागृहात नायिका जिन्यावर आली आणि नायक गहिवरून म्हणाला, "लाल कोट विकलास ना, माझ्या औषधासाठी?" अंगात लालभडक कोट! सिनेमातला सगळ्यात रडका प्रसंग, आणि लोक पोट धरून हसले.

शेजारी बसलेले, याच सिनेमाचे म्हातारे कॅमेरामन मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मुलीला हळूच म्हणाले, "ऑपरेशन फुकट गेलं गं. मला तपकिरी दिसेनासं झालंय." (मागच्याच महिन्यात मोतीबिंदू काढलाय.) ती त्यांना हाताला धरून अर्ध्यातूनच घेऊन गेली आणि मी मात्र खुर्चीला चिकटून बसलो. आत्या, कोटापेक्षा याचीच लाज जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. ते डॉक्टरकडेच निघाले होते, एका पायात बूट. दारातच सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातला दुसरा बूट खाली ठेवला.

"म्हणजे माझे डोळे शाबूत आहेत?"

"हो."

"मग तुझे तपासून घे. ये आत."

आणि वर चहाही पाजला.

तुझा, तोंड दाखवायला जागा न उरलेला,
भाचा

ता. क. त्या तपकिरी कापडाची चिंधी तुझ्याकडे असेल तर पाठव. नेमकी छटा आता रीळ सांगत नाही.

आणखी ता. क. "कोट एकच होता, नक्की?" असं आमच्या साहेबांनी काम सुरू करताना विचारलं होतं. मी ठोकून दिलं, "शिवणाऱ्या बाईंनाच विचारलंय, माझी सख्खी आत्या आहे." ते सोमवारी तुला फोन करणार आहेत. कोटाबद्दल खरं तेच सांग. फक्त मी लहानपणापासून असाच आहे का, असं त्यांनी विचारलं, तर तेवढं 'नाही' म्हण.