टीव्हीचं दुसरं बटण

४ ऑगस्ट १९८५, पेती राफ्रे
दादाचं लंडनचं खोकं शेवटी पोस्टातून सुटलं. कॉम्प्युटर एवढासा, थाळीत मावेल, रबराची बटणं. पडदा नाहीच. चिठ्ठीत म्हणे, ‘टीव्हीला जोड.’ जोड म्हणे! त्याच्या वायरीचं टोक गोल, खुपसायचं. आमच्या टीव्हीच्या पाठीला नुसते स्क्रू, चपटी वायर आवळायला. तिकडे बसून सांगायला काय जातंय.
आई म्हणाली, "खेळणं धाडलान." कशासाठी मागवला ते तिला सांगितलं नाही. बाबांना तर काहीच सांगितलेलं नाही.

६ ऑगस्ट
इथे तरी खरं लिहू. बाबांचे डोळे आता सुधारायचे नाहीत, डॉक्टर तसं स्पष्टच म्हणाले. ठळक, मोठं तेवढं दिसतं. गेल्या गणपतीला झाकरी धरताना, म्हणजे नाचाच्या फेरात पुढे गाताना, वहीतली ओळ चुकली, मागून कोणीतरी हसलं. तेव्हापासून वही कपाटात. पणजोबांनी कोकणातून या बेटावर उसाच्या मळ्यात येताना गाणी डोक्यात आणली, आजोबांनी ती वहीत उतरवली, पुढे तीस वर्षं बाबांनी झाकरी धरली. आता म्हणतात, वही लालमती गावच्या विठूकाकाला द्यायची. काका आठ सप्टेंबरला न्यायला येणार. (बाबांचा चुलतभाऊ. माणूस चांगला, गळा भसाडा.)
टीव्हीवर हाताएवढी अक्षरं काढली तर बाबा वाचतील. एवढाच बेत. वही गेली तर बाबा गणपतीत कोपऱ्यात बसतील, आणि ते मला बघवणार नाही.

१० ऑगस्ट
ऑफिस सुटल्यावर पोर्ट लुईत तीन दुकानं. पहिल्यात हसले. दुसऱ्यात दिली ती वायर रेडिओची निघाली. तिसऱ्यात म्हाताऱ्या चिनी दुकानदाराने टीव्हीची पाठ कागदावर काढायला लावली, मग खणातून डबी काढली: एका अंगाला गोल भोक, दुसऱ्या अंगाला दोन तारा. हीच! बसमध्ये मांडीवर धरून आणली.

११ ऑगस्ट
जोडली. नुसत्या मुंग्या. बटण एकेक आकडा करत सगळं फिरवलं. मुंग्याच.

१८ ऑगस्ट
आठवडाभर मुंग्या. दुसरी डबी आणली, तेच. आईची मालिका दोनदा बुडाली, तिचं तोंड फुगलंय. तरी चौकटीच्या वहीत अक्षरं भरायला घेतली; कॉम्प्युटरला मराठी येत नाही, एकेक अक्षर ठिपक्यांनी शिकवायचं. एकेक चौकट काळी करत ‘प’ झाला, ‘य’ झाला. सोपी आधी.

२४ ऑगस्ट
लॉंग माउंटनहून सिरिल आला, टीव्ही दुरुस्त करणारा. माझी जोडणी बघून मान हलवली. मग टीव्हीचं तोंड बघितलं. खालच्या दुसऱ्या बटणावर चिकटपट्टी, वर्षानुवर्षांची, पिवळी पडलेली.
"किसानला फिन फेर सा?" कोणी केलं हे?
बाबा खिडकीबाहेर उसाचा ट्रक बघायला लागले, जसा काही आयुष्यात पाहिला नव्हता. मग हळूच, "मीच लावली. तिथं काय लागत नाय. पोरं फिरवून मोडतील म्हणून."
इथली स्टेशनं सगळी वरच्या बटणावर, खालचं कधी लागलंच नाही. आणि कॉम्प्युटर नेमका खालच्यावर बोलतो! त्याचे स्क्रूही वेगळे. मी दोन आठवडे भलत्याच दोन स्क्रूंना डबी बांधत होते. सिरिलने पट्टी सोलली, डबी हलवली, बटण फिरवलं. मुंग्या, मुंग्या, आणि मग एकदम स्वच्छ पडदा! मी ओरडलेच. आईसुद्धा हसली.

२५ ऑगस्ट
रंग येत नाहीत. पिवळ्यावर लाल अक्षरं काढायची होती, बाबांना ठळक दिसावीत म्हणून. सगळं राखाडी. पिवळ्यावर पिवळं काढल्यासारखं.

३१ ऑगस्ट
सिरिलकडे गेले. टीव्ही फ्रेंच पद्धतीचा, कॉम्प्युटर इंग्रज. रंगाच्या बाबतीत दोघांचं जमत नाही. "आणि कोणती वायर घेऊ?" म्हटलं. "पेना." वायरच नाही. येताना बसमध्ये रडले. लोक बघत होते, बघू देत.

१ सप्टेंबर
चिडून रंग काढून टाकले. नुसता काळा पडदा, पांढरी अक्षरं. पहिल्या गाण्याची पहिली ओळ, दोन तुकड्यांत. बाबा चष्मा शोधत आत आले. थांबले.
"पयला पाय... डोंगरावं."
मी हललेच नाही. त्यांनी खुर्ची ओढली, पडद्याला नाक लावतात की काय असं वाटलं, पण उलट मागे सरकवली. "कागद पांढरा असला की माझं डोळं दिपतात गो. ह्ये काळं बरं. ह्ये दिसतंय." मग, "पुढं?"
पुढचं तयार नव्हतं. आणि मी लाल-पिवळ्यासाठी रडत बसले होते. शहाणीच मी.

५ सप्टेंबर
चार ओळी झाल्या. पहिल्या गाण्याला सोळा. जोडाक्षरं जीव खातात. बाबा रोज चहानंतर हजर, झालेलं वाचतात, चाल धरून, मांडीवर ताल. काल आईने स्वैपाकघरातून झील ओढली. वहीचा विषय कोणी काढत नाही. विठूकाका रविवारी येणार ते ठरलेलंच आहे. विचारावं का? धीर होत नाही.

८ सप्टेंबर
काका यायची वेळ झाली. वही टेबलावर, नव्या कापडात बांधून. बाबांनी सकाळी स्वतःच बांधली. आत येऊन सातवी ओळ भरत बसले, दुसरं काय करणार.
मग आई अंगणातून ओरडली, "अवो, उन्हात काय करताव?"
बाहेर आले. बाबा आमच्या दारापासून गणपतीच्या मांडवाच्या खांबांकडे चालत होते. सरळ, हळू, पावलापुढे पाऊल लावत, ओठ हलत. खांबाला हात टेकला, वळले.
"एकवीस पावलं," मला म्हणाले. "टीवी मांडवात नेला तर तार यवढी मिळंल का?"
फाटकाशी काकांची हाक आली.