शेवटच्या तारखेची रांग

३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि. (साष्टांगाला सध्या कंबर परवानगी देत नाही, तेव्हा तो कागदावरच स्वीकारावा.)

आम्ही सुखरूप पोचलो. गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत ह्यांनी एकच विषय चघळला, तुमच्या कपबशांच्या फळीवर सापडलेली लाल नोटीस. आवराआवरीत मी ती फळी काढली नसती, तर नोटीस बशीखाली तशीच राहिली असती आणि एक दिवस कंपनीचा माणूस येऊन तुमची वीज तोडून गेला असता. चौतीस वर्षं त्याच कंपनीत घरोघरचे मीटर वाचलेल्या माणसाची वीज. लोक हसले असते, बाबा. मी हसले नसते, कारण मला तुम्ही अंधारात जिन्यावरून पडलेले दिसले असते.

तुमचं तत्त्व मला पाठ आहे. बिल भरायचं ते शेवटच्या तारखेलाच, आणि तेही खिडकीवर जाऊन; आपले पैसे दुसऱ्याच्या खिशात आठ दिवस उगाच का ऊब घेत बसावेत? माझं उलट आहे. मी औषधांचं गोदाम सांभाळते. आमच्याकडे तारीख उलटली की माल फेकून देतात. बिल आलं त्याच दिवशी भरलं की डोकं मोकळं.

म्हणून काल ठाण मांडून बसले आणि बँकेला कायमच्या सूचना देऊन टाकल्या. आता दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यातून तुमच्या विजेची ठरावीक रक्कम आपोआप जाईल. जास्त गेली तर कंपनी पुढच्या बिलात वळती करते. पाणी, गॅस, फोन, सगळ्यांचं तसंच. बिलांचे कागदही इथेच येतील. हात चालू होता तोवर त्याच घाण्यात आमच्या घरच्या विजेची सूचनाही तळून काढली. आता बिल उघडूनसुद्धा बघायला नको, हे केवढं सुख.

ह्यांच्यासमोर दिलेला शब्द मात्र विसरू नका. पुन्हा असं काही झालं, तर घराला कुलूप लावून कायमचं इकडे यायचं. मागची खोली रिकामी केली आहे. ह्यांचं व्यायामाचं यंत्र गच्चीत गेलं. त्याच्यावर नाहीतरी टॉवेलच वाळत असायचे.

फोनवर मी ओरडते आणि तुम्ही काही ऐकू न येता बरं बरं म्हणता, म्हणून हा पत्रप्रपंच.

लोभ आहेच, तो व्याजासकट वाढावा.
तुमची,
बबडी


१२ फेब्रुवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद. (गोदामात तुझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत, म्हणून पाकिटावर पूर्ण नाव घातलं आहे. आत बबडीच.)

सूचना मिळाल्या. शब्द दिला तो दिला, त्यातून मी पळणार नाही. पण त्या लाल नोटिशीवर माझी बाजू कुणी विचारलीच नाही. जावईबापूंनी ती दोन बोटांत धरून अशी दाखवली, की जणू मेलेली पाल.

त्या महिन्यात शेवटच्या तारखेला मी रांगेत होतो. तिसरा होतो. माझ्या मागे कोपऱ्यावरची इस्त्रीवाली होती. तिचं बिल पाहिलं तर एका खोलीला आख्ख्या हॉटेलाएवढं. मीटर न बघताच आकडा टाकला होता कुणीतरी. आमच्या खात्यात अशा माणसाला आम्ही ज्योतिषी म्हणायचो. मी तिला घेऊन वरच्या मजल्यावरच्या साहेबाकडे गेलो, अर्ज लिहिला, भांडलो, तिचं बिल कमी करून घेतलं. खाली येतो तर खिडकी बंद. माझं बिल खिशातच राहिलं. हा विसर नाही, ही वकिली होती.

तुम्हा आगाऊ भरणाऱ्यांना ती रांग ठाऊक नाही. शेवटच्या तारखेला येणारे आम्ही ठरलेले. एक शिंपी, त्याला सगळीच कामं शेवटच्या दिवशी करायची सवय. एक निवृत्त गणिताच्या बाई, त्या रांगेत उभ्या उभ्या सगळ्यांच्या बिलांच्या बेरजा तपासतात आणि कंपनीला नापास करतात. मी त्यांना बिलावरचे बारीक आकडे वाचून दाखवतो. महिन्यातून चार बिलं, चार शेवटच्या तारखा, म्हणजे चार वेळा स्वच्छ दाढी. तुझी आई गेल्यापासून माझी कुणी वाट बघत असेल तर ती त्या चार दिवशी.

असो. आता पाच तारखेला तुझी बँक माझ्या वतीने रांगेत उभी राहील. तिला म्हणावं, शिंप्याला माझा नमस्कार सांग.

कृपा राहू दे.
तुझा,
बाबा


२१ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आज थट्टा सुचत नाही. तुमचं विजेचं बिल काल आलं. एरवी उघडत नाही, पण पाकीट जाड वाटलं म्हणून उघडलं. बिल उणे आहे, बाबा. म्हणजे आता कंपनीच तुमचं देणं लागते. सोबत जोडलं आहे, बघा.

मी पैसे भरत असताना रक्कम उणे होते याचा अर्थ एकच. तुम्हीही भरताय. मी तुमच्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना फोन करून विचारलं. त्यांनी आधी आढेवेढे घेतले आणि मग सांगितलं की फेब्रुवारीत तुम्ही विजेच्या रांगेत होतात, पाण्याच्या रांगेतही होतात, आणि दोन्ही वेळा खिडकीपर्यंत गेला होतात. तुमच्याकडे बिलाचा कागद नाही, तरी तुम्ही जाता. बिलं आता बबडी भरते, हे पुसूनच गेलंय का तुमच्या मनातून?

ह्यांच्या डॉक्टर मित्राला विचारलं. ते म्हणाले, सुरुवात अशीच होते. माणूस एकदा केलेलं काम पुन्हा करतो आणि केल्याचं त्याला आठवत नाही. मला रागवायचं नाहीये. भीती वाटते, एवढंच. बारा एप्रिलला टेंपो ठरवला आहे, आगाऊ पैसेही दिले. सामान जास्त घेऊ नका. रेडिओ घ्या.

लोभ आहे, आणि तो कमी झाला म्हणून नेत नाही आहे, हे ध्यानात असू द्या.
तुमची,
बबडी


२९ मार्च

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यातले दोन जास्तीचे, कारण ते तुला लवकरच लागतील.

आधी कबुली. रांगेत मी होतो. दोन्ही रांगांत होतो. भरायला काही नव्हतं, तरी गेलो. माझा नंबर आला की मागच्याला पुढे सोडायचं आणि पुन्हा शेवटी जाऊन उभं राहायचं. एकदा मात्र शिंप्याने ऐकलं नाही, आणि मी खिडकीसमोर रिकाम्या हाताने उभा राहिलो. आतल्या मुलीने विचारलं, काय भरायचंय. मी सांगितलं की तुमच्या खिडकीची काच पुसायला झाली आहे, तेवढंच सांगायला आलो होतो. तिने बिचारीने लगेच पुसली. पण बबडे, पैसा एक भरलेला नाही.

आता पुरावा. तू पाठवलेल्या बिलाच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे, जमा झालेल्या रकमा छापतात. खिडकीवर भरलेल्या रकमेपुढे खिडकीचा आकडा असतो. बँकेतून आलेल्या रकमेपुढे नुसती रेघ. माझ्या खात्यात दर महिन्याला दोन रकमा आहेत. एक पाच तारखेची, एक सात तारखेची. चारही पुढे रेघ. म्हणजे चारही बँकेतून आल्या.

पाच तारखेची रक्कम माझ्या बेताची आहे. माझ्याकडे तीन दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ. सात तारखेची तिच्या पाचपट आहे. ती रक्कम ज्या घराची, त्या घरात गिझर, दोन एसी आणि दिवा न मालवता खोलीबाहेर जाणारी किमान तीन माणसं असली पाहिजेत. असं घर माझ्या नात्यात एकच आहे.

तुझ्या घरच्या सूचनेवर तू माझाच ग्राहक क्रमांक घातलास, बबडे. समोर कागद माझा होता आणि हात चालू होता. दोन महिने तू माझंच बिल दोनदा भरते आहेस आणि तुझं एकदाही नाही. बिल थकलं की कंपनी पंधरा दिवसांची नोटीस देते आणि मग माणूस पाठवते. हे वाचताक्षणी तुझ्याकडच्या न उघडलेल्या पाकिटांत लाल कागद शोध. नर्सबाईंकडून आजच तुला फोन करवतो आहे, पण पत्रही टाकतो, कारण तू फोनवर कुणाचं ऐकत नाहीस.

लवकर भर. शेवटच्या तारखेची वाट बघू नकोस, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे.
तुझा,
बाबा


४ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न. वि. वि. (या खेपेला खरोखर साष्टांग घातला. पलंगाखाली पाकीट शोधताना.)

हे पत्र गोदामातून लिहिते आहे, कारण घरी पंखा नाही. नर्सबाईंचा फोन त्या दिवशी आला होता. निरोप असा होता की, बाबा म्हणतात तुमचंच बिल थकलंय. मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हणाले, आता बाबांना भास व्हायला लागले.

काल सकाळी तुमचं पत्र आलं आणि मी पाकिटाची कड फाडत होते, तेवढ्यात पंखा थांबला. खाली पाहिलं तर कंपनीचा माणूस मीटरच्या पेटीपाशी उभा. सभ्य होता बिचारा. त्याने एवढंच विचारलं की, या घरात बिलं कुणी उघडतं का. ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी ह्यांच्याकडे. बशीखाली नाही, पण पुस्तकांच्या मागे तीन पाकिटं निघाली. एकातला कागद लाल होता. शेजाऱ्यांनी जिन्यात उभं राहून सगळं ऐकलं. औषधांच्या तारखा तोंडपाठ असलेल्या बाईची वीज तोडली, ही बातमी माझ्याआधी गोदामात पोचली होती.

दंडासकट भरलं. उद्या जोडणार आहेत. टेंपो रद्द केला. टेंपोवाला म्हणाला, आगाऊ घेतलेलं परत देण्याची त्याच्याकडे पद्धत नाही. ते मला पटलं.

बाबा, चुकले. क्रमांक लिहिताना चुकले ते एक वेळ सोडा. तुम्हाला आधी विचारावं, तुमचा निरोप खरा असेल, असं मला एकदाही वाटलं नाही. त्याबद्दल काय लिहावं ते कळत नाही, म्हणून कामाचं लिहिते. तुमच्या खात्यात आता जवळजवळ वर्षभर पुरेल इतकी रक्कम पडून आहे, म्हणजे वर्षभर तुम्हाला विजेचं बिलच नाही. रिकाम्या हाताने काचा किती पुसून घेणार? कोणत्याही गावच्या खिडकीवर कोणाचंही बिल घेतात, हे मी विचारून घेतलं. तेव्हा या पाकिटात आमची बिलं आहेत, विजेचं, पाण्याचं, गॅसचं. यापुढे ती तुम्ही भरा. पैसे मी आधीच पाठवत जाईन. तारीख तुम्ही ठरवा. शेवटची ठरवलीत तरी मी तोंड उघडणार नाही. जीभ चावून धरीन.

मागची खोली तशीच ठेवते. राहायला नाही, यायला.

लोभ कमावायला आता पुन्हा सुरुवात करते आहे.
तुमची,
बबडी


१० एप्रिल

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

बिलं पोचली. तारखांप्रमाणे लावून ठेवली. परवा गॅसचं भरलं, शेवटच्या दिवशी, सकाळी साडेदहाला. रांगेत सांगितलं की आता दोन घरांचा कारभार माझ्याकडे आहे, तर गणिताच्या बाईंनी तुझं बिल मागून घेतलं आणि तपासलं. बेरीज बरोबर निघाली म्हणून त्या जरा हिरमुसल्या. शिंपी म्हणाला, मुलगी परगावाहून बिलं पाठवते म्हणजे तुमचा धंदा वाढला, पाटी लावा. खिडकीतल्या मुलीने पावती देताना वर पाहिलं नाही; काच स्वच्छ होती.

चुकले म्हणून लिहिलंस, ते वाचलं. आता माझंही एक ऐक. हे जावईबापूंना वाचून दाखवू नकोस.

तुझं एकवीस तारखेचं पत्र आलं, तेव्हा मी चार दिवस उत्तर लिहिलं नाही. तुला वाटलं असेल, म्हातारा रुसला. तसं नव्हतं. मी तुझं खरं धरलं होतं. सगळ्या सदऱ्यांचे खिसे उलटे केले, गादी उचलली, आईच्या शिवणाच्या डब्यातही पाहिलं. पावती शोधत होतो, आणि सापडू नये म्हणून शोधत होतो. आपण भरलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ज्याला विसर पडतो त्यालाही असंच पक्कं ठाऊक असणार, नाही का? तू पाठवलेल्या बिलाची घडी मोडायचं धाडस होत नव्हतं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात उभं राहून आकडे वाचले, आणि स्वतःचे चार दिवस रेडिओखाली दाबून ठेवले.

पाचव्या दिवशी दाढी केली, खिडकीपाशी बसलो आणि कागद उलटला. सात तारखेपुढे रेघ होती. मी ती नखाने खरवडून पाहिली, छपाईचा डाग तर नाही ना म्हणून. रेघच होती. मग एकटाच मोठ्याने हसलो. नर्सबाई वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना.

पोरीची चूक सापडली म्हणून एवढा आनंद कुठल्या बापाला झाला नसेल.

लोभ असावा असं मी लिहीत नाही. तो तू न मागता भरतेस, आणि तोही तारखेच्या आधी.
तुझा,
बाबा