श्वासाची मशीन

बाबा, तुम्ही असता तर हसला असता. चाळिशी आली आणि मी फिनिश शिकतेय. तिकडे नर्सची नोकरी लागलीय, भाषा आल्याशिवाय नेत नाहीत. परवा ऑनलाइन वर्गात बाईंनी एक लांबलचक शब्द फोडून दाखवला, हेंगित्युस्कोने. हेंगित्युस म्हणजे श्वास घेणं, कोने म्हणजे मशीन. आपला व्हेंटिलेटर. पहिल्या भागाचं मूळ हेंकी, त्याचा अर्थ श्वास आणि जीवसुद्धा, असं बाई म्हणाल्या. बाकीच्यांनी लिहून घेतलं. मी कॅमेरा बंद केला.

कारण हा शब्द मी तुम्हाला मराठीत कधीच सांगून बसले होते. नागपूरच्या दवाखान्यात तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "हे काऊन लावून राह्यले, बाई?" रोज पेशंटची समजूत काढणारी मी, सहज बोलून गेले, "श्वास घ्यायची मशीन आहे, बाबा. दोन दिवसांत काढतील." तुम्ही म्हणालात, "मंग मले घरी नेजो." त्यानंतर तुमचा आवाज ऐकला नाही.

मशीन निघाली ती डॉक्टरांनी हात टेकल्यावर. प्राण आपल्याच घरात जावा, म्हणून अँब्युलन्सनं तुम्हाला गावी, गिरडला आणायचं ठरलं. तोंडातल्या नळीला रबरी फुगा, तो दाबणारी मी. समोर आई, तुमचे पाय मांडीवर घेऊन. वाटेतलं जाम गाव मागे पडतं आणि माझी बोटं तुमच्या मानेवर जातात. नाडी नाही. तरी मी दाबत राहते, तुमची छाती वरखाली होत राहते आणि आई तुमच्याशी बोलत राहते, "आलंच घर. थांबा जरासक." ओसरीत नळी काढली, आईनं तुळशीचं पाणी घातलं, मग मी मान हलवली. घरी येऊन गेले, नशीबवान माणूस, असं गाव म्हणालं.

काल मी बॅग भरत होते. आई तेलाची वाटी घेऊन आली, माझा उजवा हात चोळत बसली. वर न पाहता म्हणाली, "जामपासून लई दाबलं तुनं."

इतकी वर्षं मी तिला फसवलं म्हणून झुरत होते, आणि तिला सगळं ठाऊक होतं.

तुमच्याशी मात्र बोलायला हवं. हे कुठे पाठवणार, तरी लिहिते. ती मशीन बहुतेक निघणार नाही, हे मला नळी घालण्याआधीच कळलं होतं. तेव्हा खरं सांगितलं असतं, तर तुम्ही बोलत बोलत घरी आला असता.