शालूची डावी बाजू

५ जाने., सोमवार. अमरावती
डाव्या दाराला ओरखडा. भाजी घेऊन परत येत होतो. गल्लीच्या तोंडाशी कुणाची तरी मोटरसायकल उभी होती, तिचं हँडल घासलं. आतापर्यंत दोनदा वाचलो होतो, आज नाही. मोटरसायकलवाला पोरगा भला होता, "आजोबा, दिसत नाही का?" एवढंच म्हणाला.

दिसतं की. पण डावीकडे पाहायची मानेला सवयच नाही. ती बाजू शालूची.

पहिल्या गाडीला डावीकडे आरसाच नव्हता. तेव्हापासून ती शेजारी बसून सांगायची. "नाही कोणी, घ्या." "सायकल हाय, थांबा." "म्हशी. जाऊ द्या त्यायले." पुढं ही गाडी घेतली, तिला डावीकडे आरसा आला. शालूनं पहिल्याच दिवशी तो आत दुमडून टाकला. "मी बसली असताना याचं काय काम?" तो अजून तसाच आहे, दुमडलेला.

आणि ती दिवाळीनंतर अकोल्याला. वंदनाकडे. गुडघ्याचं ऑपरेशन तिथंच झालं. लेकीकडे लिफ्ट आहे, व्यायाम घ्यायला बाई येते, सगळं आहे.

७ जाने.
वंदनाचा फोन. "बाबा, आता गाडी काढूनच टाका. आई इथंच राहते म्हणते. तुम्हीपण या."
आई म्हणते की लेक म्हणते? विचारलं नाही.
जावईबापूंनी नवीन गाडी घेतली, क्लच नसलेली. "बाबा, डाव्या पायाला कामच नाही." मग तो पाय दिवसभर काय करतो, कोण जाणे.

शा.ला फोन द्यायला सांगितलं. म्हटलं, मी येतो तुला न्यायला.
"एकटे? अन् डावीकडे कोण पाहीन?"
"मी."
जोरात हसली. पुष्कळ दिवसांनी ऐकलं ते हसू. मग म्हणाली, "हमीदभाईले बसवा बाजूले. ते हो म्हणतीन तं या. नाही तं मी हाय इथं बरी."
बरी. हा शब्द दुपारभर कानात राहिला.

१० जाने.
हमीदभाईंकडे गेलो. त्यांची मोटार ट्रेनिंग आता मुलगा चालवतो. मला गाडी त्यांनीच शिकवली, तेव्हा दोघांचेही केस काळे होते. अंगणात उन्हाला बसले होते. ऐकून घेतलं, टोपी घातली नि निघाले.

नांदगाव पेठच्या रस्त्याला. बसल्याबसल्या मी सवयीनं पुटपुटलो:
आधी पट्टा, मग आरसा,
गिअर मोकळा, क्लच जरासा,
हातब्रेकची सोडा गाठ,
मागे पाहून धरा वाट.
"अजून म्हणता हे?" ह.भाई. त्यांनी शिकवलेलं मी तेव्हाच ओवीत बसवलं होतं. वर्गात पोरं ठेक्याशिवाय काही लक्षात ठेवायची नाहीत, मास्तरही तसलाच.

पुढं मात्र हसले नाहीत. एका ट्रॅक्टरला मागं टाकून मी डावीकडे परत आलो, तर त्यांनी डॅशबोर्डच धरला. एक स्कूटरवाली पोरगी अगदी दाराशी होती.
"मास्तर, तुमाले डावी बाजूच नाही हो."
"ती अकोल्याला आहे."
"मजाक नका करू. आधी तो आरसा खोला."

दोन बोटांनी उघडला. जरा कुरकुरला. आतल्या बाजूला कोळ्याचं जाळं.

१२ जाने.
ह.भाईंचे आजचे बोल. एक: "क्लच काय पायपुसणं हाय? गिअर टाकला का पाय उचला, बाजूले ठेवा." दोन: थांबलो की न्यूट्रल, हँडब्रेक. तीन: डावीकडे वळायच्या आधी आरसा, मग मान.
मी म्हटलं, क्लच म्हणजे यती. ओळीत श्वास घ्यायची जागा. तिथंच रेंगाळलं की ओळ पडते.
"हाव, अन् प्लेट जळते," म्हणाले.

इंडिकेटरला मात्र वृत्त नाही. नुसते लघु, लघु, लघु.

१४ जाने., बुध. संक्रांत
तीळगूळ शेजारच्या काकूंनी दिला. शा. चे लाडू कडक व्हायचे, दात सांभाळून खावे लागत. हे मऊ होते. एकच खाल्ला.

दुपारी परतवाड्याच्या बाजूला थोडा गेलो. तोच रस्ता पुढं चिखलदऱ्याला चढतो. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिथं गेलो होतो. चढावर गाडी बंद पडली की शा. खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावायची, गाडी सुटली की तोच दगड उचलून धावत यायची, पदर खोचून. एकदा तो दगड मांडीवर घेऊन बसली होती वरपर्यंत. "दुसरा चांगला सापडला नाही तं?" उतरताना पेट्रोल वाचवायला मी न्यूट्रल करायला लागलो तर तिनं माझ्या हातावर हात ठेवला, गिअरवरच. "लगाम सोडून बैल उतरवते का कोणी?" घाट संपेपर्यंत हात काढला नाही.

काढला नसता तरी चाललं असतं.

१८ जाने.
आज मान आपोआप डावीकडे गेली. न ठरवता. बसस्टँडजवळ रिक्षा, मग एक म्हातारबा सायकलवर, मग कुणीच नाही. तिन्ही वेळा आधी मला दिसलं. ह.भाईंनी नुसती मान हलवली. त्यांच्याकडून ती म्हणजे पहिला नंबर.

आनंदात शा.ला फोन लावला. सगळं सांगितलं. आता मला सांगायलाही कोणी लागत नाही म्हटलं.
पलीकडून शा.:
"बरं झालं मग. माहं काम सरलं."
मी हसलो. ती हसली नाही. "ठेवते, पाय शेकाचा हाय."

आयुष्यभर पोरांना सांगत आलो, कवीला काय म्हणायचंय ते शब्दांच्या मागं जाऊन पाहा. आणि आज

२० जाने.
दोनदा फोन. एकदा व. म्हणाली आई व्यायाम करतेय. दुसऱ्यांदा झोपलीय.
सकाळी साडेदहाला?

२१ जाने.
ह.भाईंना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला. बाईले फोन करून सांगतलं, तुयी गरज नाही म्हणून?"
"तसं नाही म्हटलं मी."
"तेच म्हटलं. मास्तर, गाडी मी शिकवली. बोलणं कोण शिकवन तुमाले?"
मग चहा आला. जरा वेळानं म्हणाले, "गाडी पास हाय तुमची. हायवेवर डाव्या लेनमध्ये राहा, ट्रकशी जिद नका करू. बाकी तुमचं तुमी पाहा."

२४ जाने., शनि.
उद्या निघायचं. ऑइल पाहिलं, पाणी टाकलं, चाकात हवा भरली, स्टेपनीतसुद्धा. दिवे शेजारच्या काकूंनी मागून पाहून सांगितले.
जावईबापू: "बाबा, हायवेला लय ट्रक असतात. कायले त्रास? यायचंच असलं तर आईंना मी आणून सोडतो ना."
नको म्हटलं. बिचारा चांगल्या मनानं म्हणत होता. पण आणून सोडलेली शा. मला नको आहे.

२५ जाने., रवि. अकोला
पोचलो. बडनेरा सोडल्यावर कापसाच्या गाड्या, पुढं रस्ता मोकळा. सगळं नीट झालं. बाजूची सीट रिकामी, तिच्यावर पाण्याची बाटली लवंडत होती, तिला पट्टा बांधून टाकला.

शा. काठी टेकत खाली आली. लिफ्टनं. बारीक झाली आहे, पण चाल सरळ. माझ्याकडे नाही, आधी गाडीकडे पाहिलं. दाराचा ओरखडा बोटानं चाचपला.
"हे कवा?"
"तू नव्हतीस म्हणून."
"आरसा उघडा दिसते."
"हो."
"बरा दिसते," म्हणाली, आणि वळली.

रात्री जेवताना व.: "आईला इथं किती आराम आहे, तुम्हीच पाहा बाबा." खरं आहे. न्हाणीत धरायला दांडे, रांधायला बाई. आमच्या घरी उंबरे. शा. भाकरी मोडत राहिली.
म्हटलं, "शालू, त्या दिवशी फोनवर चुकीचं बोललो."
"काय बोलले होते?"
"मला सांगायला कोणी लागत नाही, असं."
"मंग? लागते?"
व. आणि जावई ताटात पाहू लागले. मीही ताटात पाहून म्हटलं, "गाडीत नाही लागत."
तिनं माझ्या ताटात ठेचा वाढला. "आठ दिवस येते. मंग पाहू."

२६ जाने., सोम. मूर्तिजापूरच्या पुढं, चहाची टपरी
लहान पिशवी तिच्यासोबत, मोठी बॅग व. च्या कपाटावरच. डॉक्टरांनी प्रवासात पाय सरळ ठेवायला सांगितलंय, म्हणून ती मागच्या सीटवर, उशीला टेकून पाय लांब करून. पुढं बसलीच नाही. मी हिरमुसलो हे तिला दिसलं असावं. "मले असं बसूनच तुमी दिसता," म्हणाली. "पुढं बसून कधी पाह्यलंच नाही तुमाले. मी तं डावीकडे पाहत होती."

बोरगावच्या पुढं झोप लागली तिला. मी हळू चालवली. मधल्या आरशात तिचा चेहरा, तोंड जरा उघडं. रस्त्यावर शाळेची पोरं कागदी झेंडे घेऊन घरी चालली होती. आठ दिवसांत किती गोष्टी होऊ शकतात ते मनात मांडत आलो. उंबऱ्याजवळ दांडा बसवून घेता येईल. की मीच ही गाडी घेऊन अकोल्याला

आता जागी झाली. चहा दिला खिडकीतून. बशीत ओतून प्याली.
"घराची किल्ली कोणाजवळ हाय?"
"माझ्याजवळ."
"द्या."
खिशातून काढून दिली. पिशवीत टाकेल असं वाटलं. नाही टाकली. मुठीत धरून बसली आहे, बाहेर पाहत. म्हणाली, "चला, ऊन वाढून राहिलं."